जुने, हट्टी नैराश्य आणि स्कीमा थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध दोन-तीन वेळा बदलून झाले, समुपदेशनाची काही सत्रे झाली, मध्ये चार महिने बरे गेले आणि पुन्हा तीच जड सकाळ सुरू झाली, असा अनुभव वर्षानुवर्षे घेणाऱ्या व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. स्कीमा थेरपी ही मानसोपचारपद्धती अशा नैराश्यात काय करू पाहते, तिच्यामागे पुरावा किती आहे आणि ती कोठे अपुरी पडते, हे येथे मांडले आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा मात्र ही माहिती घेऊ शकत नाही.

कोणत्या नैराश्याला ‘दीर्घकालीन’ किंवा ‘उपचारांना दाद न देणारे’ म्हणतात?

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार, प्रौढांमध्ये किमान २ वर्षे, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराचसा वेळ टिकून राहणारे नैराश्य हे दीर्घकालीन मानले जाते. मुले आणि किशोरवयीन यांच्यासाठी ही मुदत १ वर्षाची आहे. पूर्वी ‘डिस्थायमिया’ या नावाने ओळखला जाणारा सौम्य पण लांबलेला प्रकार आणि तीव्र स्वरूपाचे लांबलेले नैराश्य हे दोन्ही आता एकाच निदानाखाली येतात. ‘दाद न देणारे’ हा शब्दप्रयोग वेगळ्या अर्थाचा आहे. दोन वेगवेगळी औषधे, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टर साधारणपणे तो वापरतात.

‘पुरेशा’ या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. डोके जड होते म्हणून दहा दिवसांत सोडलेले औषध हे लागू न पडलेले औषध नव्हे. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, रोजची दारू, किंवा मुळात द्विध्रुवीय आजार (नैराश्य आणि उन्माद आलटूनपालटून येण्याचा आजार) असताना केवळ नैराश्याचे झालेले निदान, यांपैकी काहीही मागे दडलेले असू शकते. मानसोपचाराची लांब वाट धरण्याआधी हे सगळे एकदा नीट तपासून घेतलेच पाहिजे. त्याच वेळी, पहिल्या औषधाने पूर्ण बरे न वाटणे ही अपवादात्मक गोष्ट नाही, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश होते.

नैराश्य आजचे, मग बालपणाचा विषय कशाला?

कारण लांबलेल्या नैराश्याच्या पोटात बालपण वारंवार सापडते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, नैराश्य असलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ४६ टक्के व्यक्तींनी बालपणी छळ, अत्याचार किंवा दुर्लक्ष यांपैकी काहीतरी सोसल्याचे सांगितले होते, आणि असे बालपण असलेल्यांमध्ये नैराश्य दीर्घकालीन होण्याची किंवा उपचारांना दाद न देण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. त्याआधीचा, २००० साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास दीर्घकालीन नैराश्याच्या ६८१ रुग्णांवर झाला होता. औषध, अशा नैराश्यासाठीच रचलेला मानसोपचार आणि दोन्ही एकत्र अशी तुलना त्यात होती. तो मानसोपचार म्हणजे स्कीमा थेरपी नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. एकूण रुग्णांत दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना सर्वाधिक लाभ झाला. परंतु २००३ मध्ये याच माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा बालपणी मोठे आघात सोसलेल्या गटात केवळ मानसोपचार हा केवळ औषधापेक्षा सरस ठरला.

येथे ‘आघात’ या शब्दाने केवळ मारहाण किंवा लैंगिक अत्याचार समजू नये. ज्या घरात कोणी हात उगारला नाही, पण रडणाऱ्या मुलाजवळ कोणी येऊन बसलेही नाही, त्या घरातल्या मुलाला पुढे स्वतःच्या दुःखाचे नाव सांगता येत नाही. “तसे काही वाईट घडले नाही हो माझ्या लहानपणी,” हे वाक्य अशा व्यक्ती अगदी प्रामाणिकपणे उच्चारतात. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, त्याची आठवण मुळात तयारच झालेली नसते.

स्कीमा म्हणजे नेमके काय?

स्वतःबद्दल, इतरांबद्दल आणि जगाबद्दल लहानपणी मनात बसलेला, भावना, आठवणी, शरीरातल्या संवेदना आणि विचार यांनी मिळून बनलेला एक घट्ट साचा म्हणजे स्कीमा. सुरक्षितता, आपलेपणा, स्वातंत्र्य, मोकळेपणाने बोलण्याची मुभा, खेळ आणि योग्य मर्यादा या मुलाच्या मूलभूत गरजा दीर्घकाळ भागल्या नाहीत, की असा साचा तयार होतो. ज्या घरात तो घडला तेथे तो मुलाला उपयोगाचाच होता, कारण तेथे पुढे काय होणार याचा अंदाज त्यावरून बांधता येत असे. अडचण ही, की घर सुटते आणि साचा सुटत नाही.

या पद्धतीत १८ स्कीमा मानले जातात आणि त्यांचे ५ गट केले जातात. ते ओळखण्यासाठी प्रश्नावली असते. तिची दीर्घ आवृत्ती २३२ विधानांची आणि छोटी आवृत्ती ९० विधानांची आहे.

ही पद्धत कोणी विकसित केली?

जेफ्री यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी. आकलनोपचाराचे, म्हणजे त्रासदायक विचार तपासून बदलण्याच्या उपचाराचे, जनक ॲरन बेक यांच्या फिलाडेल्फियातील केंद्रात त्यांनी काम केले होते. ठरावीक सत्रांच्या उपचाराने अनेकांना बरे वाटते, पण आयुष्यभर तीच दुखणी घेऊन वावरणाऱ्या काही जणांना वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आले, आणि १९८०च्या दशकापासून त्यांनी ही पद्धत बांधत नेली. तिच्यात आकलनोपचार, बालक आणि पालक यांच्यातील नात्याचा सिद्धान्त आणि गेस्टाल्ट या मानसोपचार-परंपरेतील अनुभवप्रधान तंत्रे एकत्र आली आहेत.

विवेकनिष्ठ उपचार किंवा सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा आकलन-वर्तनोपचार) मी केली आहे. हे त्यापेक्षा वेगळे कसे?

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष रास्त आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, आणि ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणांहून ती हजारो घरांपर्यंत पोहोचली. त्यामुळे ‘घटनेने नव्हे, घटनेविषयीच्या समजुतीने त्रास होतो’ हे आपल्याकडील पुष्कळ वाचकांना आधीपासून ठाऊक असते, आणि कित्येकांना त्याचा खरोखर उपयोग झालेला आहे.

तरीही काही जण म्हणतात, “माझी समजूत अविवेकी आहे हे मी कागदावर लिहून सिद्ध करून दाखवतो, आणि तरी आतून वाटते की मी टाकाऊ आहे.” मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत: कळते, पण वळत नाही. स्कीमा थेरपीचे सगळे काम या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत चालते. नऊ वर्षांच्या वयात, भीतीने पोटात गोळा आलेला असताना जे मनात बसले, ते पंचेचाळिसाव्या वर्षी केवळ युक्तिवादाने निघत नाही. ज्या भावनेत ते बसले त्या भावनेजवळ सुरक्षितपणे पुन्हा जावे लागते आणि तेथे काहीतरी वेगळे अनुभवावे लागते. म्हणून या पद्धतीत युक्तिवाद असतो, गृहपाठ असतो, पण त्यांच्या जोडीला कल्पनाचित्रे असतात, खुर्च्यांचे संवाद असतात आणि थेरपिस्टबरोबरच्या नात्याला फार मोठे स्थान असते.

दीर्घकाळच्या नैराश्यात कोणते स्कीमा अधिक दिसतात?

‘मी सदोष आहे, कोणी मला जवळून ओळखले तर दूर जाईल’ हा सदोषतेचा आणि शरमेचा स्कीमा. ‘माझे दुःख समजून घेणारे कोणी असणारच नाही’ हा भावनिक वंचिततेचा. ‘मी चारचौघांसारखा नाही’ हा एकटेपणाचा. आणि ‘मला काही जमणार नाही’ हा अपयशाचा. नैराश्यात हे चार पुन्हापुन्हा भेटतात. सोडून दिले जाण्याची भीतीही बहुधा मागे असतेच.

आपल्याकडे आणखी तीन स्कीमांकडे विशेष लक्ष द्यावे असे माझे मत आहे, कारण ते सद्गुणांच्या वेषात येतात आणि म्हणून ओळखू येत नाहीत. पहिला आत्मत्यागाचा. सगळ्यांचे ताट वाढून झाल्यावर उरलेले स्वतः खाणारी बाई घरात कौतुकाचा विषय असते, आणि तिचे नैराश्य ‘थकवा’, ‘पित्त’ किंवा ‘अंग दुखते’ या नावांनी डॉक्टरकडे पोहोचते. दुसरा कठोर मापदंडांचा. पंच्याण्णव टक्के मिळवून आलेल्या मुलाला “पाच कुठे गेले?” असे हसत विचारले जाते, आणि ते मूल पन्नाशीतही आपले पाच टक्के शोधत राहते. तिसरा भावना दाबण्याचा: “मुलगा असून रडतोस?” त्याग, परिश्रम आणि संयम यांच्या विरुद्ध काही म्हणायचे नाही. पण ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नसेल, तर त्यागाला निवड म्हणता येत नाही, आणि निवड नसलेला त्याग माणसाला आतून रिकामे करतो.

स्कीमा जागा झाला की माणसे साधारण तीन प्रकारे वागतात. काही त्यापुढे मान तुकवतात, काही त्याला टाळत राहतात आणि काही उलट टोकाला जाऊन त्याच्याशी लढतात. टाळण्याचा मार्ग, म्हणजे माणसांना टाळणे, फोन न उचलणे, दिवसभर झोपणे किंवा सतत कामात बुडणे, हा नैराश्याला सर्वांत जास्त खतपाणी घालतो, कारण त्यामुळे स्कीमा खोटा ठरण्याची संधीच उरत नाही.

‘मोड’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ काय?

स्कीमा हा खोलवरचा साचा असतो, तर मोड म्हणजे या क्षणी मनाचा ताबा घेतलेली अवस्था. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सुनंदाताई ४५ वर्षांच्या आहेत, एका कार्यालयात हिशेबाचे काम करतात आणि गेली ११ वर्षे कधी कमी, कधी जास्त अशा नैराश्यात आहेत. त्या आठ वर्षांच्या असताना आई दीर्घकाळ आजारी पडली आणि थोरली म्हणून धाकट्या दोन भावंडांचे त्यांनी केले. रडू आले की वडील म्हणत, “मोठी आहेस ना तू?” आज साहेबांनी एका फायलीतली चूक दाखवली. चूक किरकोळ होती आणि साहेब रागावलेही नव्हते. तरीही सुनंदाताईंच्या मनात एक आवाज म्हणतो, “एवढे साधे जमत नाही तुला.” हा शिक्षा करणारा, मागण्या करणारा पालक-मोड. त्या आवाजाखाली एक घाबरलेली, एकटी मुलगी असते; तो हळवे मूल हा मोड. आणि तिचे दुःख सहन होत नाही म्हणून तिसरी अवस्था पुढे येते: सुनंदाताई घरी येतात, फोन बंद करतात, दूरचित्रवाणीसमोर बसतात आणि कोणी विचारले तर म्हणतात, “काही नाही, ठीक आहे.” हा अलिप्त रक्षक.

बाहेरून नैराश्य म्हणून दिसतो तो पुष्कळदा हा रक्षकच असतो. त्याला आळस म्हणणे चूक आहे. लहानपणी त्याने त्या मुलीला खरोखर वाचवले होते. थेरपीचे काम म्हणजे त्याच्याशी भांडण न करता त्याचा विश्वास मिळवून त्याच्या मागच्या मुलापर्यंत पोहोचणे, शिक्षा करणाऱ्या आवाजाला अडवणे आणि चौथा मोड, म्हणजे समंजस प्रौढ, हळूहळू बळकट करणे.

सत्रात प्रत्यक्षात काय होते?

पहिले काही आठवडे ओळख, इतिहास आणि प्रश्नावली यांत जातात, आणि शेवटी थेरपिस्ट व रुग्ण मिळून मोडचा एक नकाशा काढतात. त्यानंतर मुख्य काम सुरू होते.

कल्पनाचित्राचे पुनर्लेखन हे त्यातले सर्वांत प्रभावी तंत्र आहे असे मला वाटते. सुनंदाताईंना डोळे मिटून आजची फायलीची घटना आणि पोटातली ती भावना आठवायला सांगितले जाते, आणि मग त्याच भावनेचा धागा धरून लहानपणीचे एखादे चित्र येऊ दिले जाते. स्वयंपाकघर दिसते, दूध उतू गेले आहे, धाकटा रडतो आहे, दारात वडील उभे आहेत. “त्या मुलीला आत्ता काय हवे आहे?” असे थेरपिस्ट विचारतात. सुरुवातीला स्वतः थेरपिस्टच त्या चित्रात शिरतात, गॅस बंद करतात, वडिलांना सांगतात की आठ वर्षांच्या मुलीवर हा भार टाकणे योग्य नाही, आणि त्या मुलीला म्हणतात, “तुझी काही चूक नाही. तू घाबरली आहेस, आणि घाबरणे साहजिक आहे.” पुढच्या सत्रांमध्ये आजच्या सुनंदाताई स्वतः त्या चित्रात जाऊन हेच बोलू लागतात. जे घडले ते बदलत नाही आणि खोटी आठवणही तयार करायची नसते. बदलतो तो त्या आठवणीला चिकटलेला निष्कर्ष.

खुर्च्यांच्या कामात एका खुर्चीवर बसून शिक्षा करणारा आवाज मोठ्याने बोलला जातो आणि दुसऱ्या खुर्चीवरून त्याला उत्तर दिले जाते. इतकी वर्षे ‘माझाच विचार’ वाटलेला तो आवाज खरे तर कोणाचा होता, हे ऐकताच अनेकांना ओळखू येते. वर्तनातील बदलही लागतोच, आणि तो शेवटच्या टप्प्यात अधिक येतो. बहिणीला एकदा ‘या रविवारी मला जमणार नाही’ असे सांगणे हा सुनंदाताईंसाठी मोठा गृहपाठ असू शकतो.

हे काम मराठीतच व्हायला हवे का?

शक्य असेल तर, माझ्या मते, ज्या भाषेत ती आठवण घडली त्या भाषेत व्हावे. “मोठी आहेस ना तू?” याचे इंग्रजी भाषांतर करता येते, पण पोटात गोळा येतो तो मूळ वाक्याने. शिक्षा करणारा आवाज वऱ्हाडीत, मालवणीत किंवा कोकणीत बोलत असेल, तर त्याला उत्तरही तसेच द्यावे. शहरांत, विशेषतः इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या बाबतीत, कधीकधी उलटही घडते: इंग्रजीत बोलणे सोपे वाटते, कारण त्या भाषेत काही दुखत नाही. अलिप्त रक्षकाला ती भाषा सोयीची असते. परदेशात राहणाऱ्या मराठी भाषकांनी तेथील थेरपिस्टकडे इंग्रजीत उपचार घेतले, तरी कल्पनाचित्रातले संवाद मराठीत म्हणून मग त्यांचा अर्थ सांगण्याची परवानगी जरूर मागावी.

थेरपिस्ट पालकाची भूमिका घेतात, म्हणजे काय? ते अवलंबित्व नव्हे का?

या पद्धतीत त्याला ‘मर्यादित पुनर्पालन’ म्हणतात, आणि ‘मर्यादित’ हा शब्द येथे अत्यावश्यक आहे. लहानपणी न मिळालेली आस्था, स्थैर्य, कौतुक आणि वेळप्रसंगी ठामपणा, हे सारे व्यावसायिक नात्याच्या चौकटीत राहून थेरपिस्ट देतात. सुरुवातीच्या काळात काही अवलंबित्व निर्माण होते आणि ते अपेक्षितच असते. ते पुढे स्वतःच्या समंजस प्रौढाकडे सोपवायचे असते. मात्र थेरपिस्ट घरगुती मैत्री वाढवत असतील, पैशांचे अन्य व्यवहार करत असतील किंवा कोणत्याही प्रकारची शारीरिक जवळीक साधू पाहत असतील, तर तो उपचार नाही, गैरवर्तन आहे, आणि तेथून ताबडतोब बाहेर पडावे.

यात आईवडिलांना दोष दिला जातो का?

अनेक जण केवळ या भीतीने थेरपी अर्ध्यावर सोडतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुनंदाताईंचे वडील दुष्ट नव्हते. पत्नी अंथरुणाला खिळलेली, पगार तुटपुंजा, आणि रडणे कसे ऐकून घ्यायचे हे त्यांना त्यांच्या वडिलांनी कधी दाखवलेले नव्हते. हे सगळे खरे आहे. आणि आठ वर्षांच्या मुलीला आधार मिळाला नाही, हेही खरे आहे. आपल्याकडे पहिल्या सत्यासाठी दुसरे गिळून टाकण्याची सवय लावली जाते. थेरपीत दोन्ही एकत्र धरायला शिकवतात. ‘शिक्षा करणारा पालक’ हे मनातल्या एका आवाजाचे नाव आहे. तो आवाज शिक्षकाचा, काकांचा, शेजाऱ्यांचा किंवा सगळ्यांचा मिळूनही असू शकतो. म्हाताऱ्या आईवडिलांसमोर जाऊन जाब विचारावा, अशी या उपचाराची अट नसते.

नैराश्यासाठी या पद्धतीचा पुरावा किती भक्कम आहे?

आशादायक, पण अजून मर्यादित. सर्वांत भक्कम पुरावा व्यक्तिमत्त्वविकारांबाबतचा आहे. नेदरलँड्समध्ये सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकारावर (भावना आणि नाती सतत अस्थिर राहण्याच्या विकारावर) झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३ वर्षांच्या अभ्यासात स्कीमा थेरपी तुलनेतील मनोविश्लेषणप्रणीत उपचारापेक्षा सरस ठरली. २०१४ मध्ये तेथेच ३२३ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अन्य काही व्यक्तिमत्त्वविकारांमध्येही तिचा चांगला लाभ दिसला, आणि पुढच्या पाठपुराव्यात त्या रुग्णांमध्ये नैराश्याचे प्रमाणही कमी होते.

खास नैराश्याबाबत बोलायचे तर, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत स्कीमा थेरपी आणि सीबीटी यांचा परिणाम सारखाच निघाला. दीर्घकालीन नैराश्यावर ग्रीसमधील संशोधकांनी २०१४ मध्ये १२ रुग्णांची मालिका, म्हणजे तुलनेसाठी वेगळा गट नसलेला छोटा अभ्यास, प्रसिद्ध केली. सुमारे ६० सत्रांनंतर त्यांतील साधारण ६० टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले किंवा त्यांना समाधानकारक फरक पडला. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील २५ रुग्णांच्या मालिकेत, प्रत्येकाचा उपचारापूर्वीचा प्रतीक्षाकाळ हाच तुलनेसाठी धरून, ६५ पर्यंत सत्रे दिली गेली आणि लक्षणे लक्षणीय कमी झाली. म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेत रुग्णालयीन पातळीवर ७ आठवड्यांच्या उपचाराची तुलना झाली. तेथेही स्कीमा थेरपी सीबीटीपेक्षा मागे पडली नाही.

यातून दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. नैराश्यात ती सीबीटीपेक्षा सरसकट श्रेष्ठ आहे, असे सिद्ध झालेले नाही. आणि १२ किंवा २५ रुग्णांच्या मालिका या सुरुवातीच्या खुणा आहेत, अंतिम निकाल नव्हेत. शिवाय स्कीमा आधी सैल होतो आणि मग नैराश्य कमी होते, हा सिद्धान्तातला क्रमही नेदरलँड्समधील त्या २५ रुग्णांच्या तपशिलात स्पष्ट दिसला नाही. दोन्ही गोष्टी बरोबरीने बदलताना दिसल्या. तरीही, इतर उपाय करून झालेल्या आणि ज्यांच्या दुखण्याची मुळे बालपणात आहेत अशा व्यक्तीला हा मार्ग सुचवण्याइतका आधार आज आहे, असे मला वाटते.

किती काळ लागतो? औषधे बंद करावी लागतात का?

दीर्घकालीन नैराश्यासाठी आठवड्याला एक याप्रमाणे वर्ष ते दीड वर्ष धरून चालावे. शेवटी सत्रे विरळ होत जातात. औषधे आपणहून बंद करू नयेत. थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर यांना एकमेकांशी बोलण्याची लेखी परवानगी दिली, तर उपचार नीट जुळतात.

सुरुवातीला त्रास वाढतो असे ऐकले आहे. ते खरे का?

काही काळ वाढू शकतो. इतकी वर्षे बधिर ठेवलेले दुःख जागे होते, रडू येते, स्वप्ने पडतात. म्हणूनच चांगले थेरपिस्ट भावनिक कामाला घाई करत नाहीत आणि सत्राच्या शेवटी सावरण्यासाठी वेळ राखून ठेवतात. परंतु मरणाचे विचार येऊ लागले, त्याची योजना मनात आकार घेऊ लागली, किंवा खाणेपिणेच थांबले, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयाला गाठावे आणि घरात कोणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगावे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

ही थेरपी कोणासाठी योग्य नाही?

सध्या भ्रम किंवा भास होत असतील, उन्मादाचा झटका सुरू असेल, दारूचे किंवा अन्य पदार्थांचे व्यसन अनियंत्रित असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत. घरात मारहाण चालू असेल, तर पहिली गरज सुरक्षित जागेची आहे. भूतकाळाचे चित्र बदलत बसण्याची ती वेळ नव्हे. आणि एखाद्या मोठ्या नुकसानीनंतर पहिल्यांदाच आलेल्या नैराश्याला बहुधा याहून छोटे उपचार पुरतात.

घरच्यांनी काय करावे?

“एवढे काय झालेय तुला?” आणि “लोकांना याहून मोठी दुःखे आहेत” ही दोन वाक्ये घरातून काढून टाकावीत. ती प्रेमाने म्हटली, तरी शिक्षा करणाऱ्या आवाजाला बळ देतात. सत्रात काय झाले, याची चौकशी करू नये. चहा करून शेजारी बसावे. थेरपीच्या मध्यावर ती व्यक्ती पहिल्यांदाच नकार देऊ लागेल किंवा चिडेल, तेव्हा ‘थेरपीने बिघडली’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आजवर सगळ्यांसाठी सोयीचे असलेले माणूस थोडे गैरसोयीचे होणे, हा या उपचारात वाटेवरचा टप्पा असतो, आणि तो पेलणे घरच्यांना खरोखर जड जाते. त्यांच्यासाठीही एखादे स्वतंत्र सत्र मागता येते.

योग्य थेरपिस्ट कसा ओळखावा?

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही अनुचित नाही. स्कीमा थेरपीचे प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय स्कीमा थेरपी संस्था देते. असे प्रमाणित थेरपिस्ट आपल्याकडे थोडे आहेत आणि मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, त्यामुळे सातारा, लातूर किंवा सावंतवाडीतून अनेकांना ऑनलाइन सत्रेच घ्यावी लागतात. ती चालतात, मात्र दार लावून बसता येईल अशी खोली आणि तासभर कोणी हाक मारणार नाही याची हमी हवी. पहिल्याच भेटीत विचारावे: तुम्ही या पद्धतीचे प्रशिक्षण कोठे घेतले? तुमच्या कामावर वरिष्ठांचे मार्गदर्शन असते का? संकटाच्या वेळी मी कोणाला फोन करू? या प्रश्नांनी जे दुखावले जातात, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

फरक पडतो आहे हे कसे ओळखायचे?

लक्षणांची प्रश्नावली दर काही आठवड्यांनी भरावी, कारण नैराश्यात असलेले मन आपली सुधारणा मोजण्यात कच्चे असते. चार-पाच महिने नियमित काम करूनही काहीच हालचाल नसेल, तर थेरपिस्टशी ते मोकळेपणाने बोलावे आणि गरज पडल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. आकड्यांच्या पलीकडच्या खुणा बारीक असतात. सुनंदाताईंच्या बाबतीत त्या अशा दिसतील: साहेबांनी पुन्हा एक चूक दाखवली, पोटात गोळा आला, त्या संध्याकाळी घरी आल्या, फोन बंद करायला हात गेला आणि मध्येच थांबला, त्यांनी मैत्रिणीचा क्रमांक लावला आणि “आज मला बरे वाटत नाहीये” एवढेच सांगितले.